कर्जतला जोडायचं इंजिन

मुंबईहून पुण्याला येणारी गाडी कर्जतला थांबली की निम्मा डबा वड्यासाठी फलाटावर उतरतो. गाडी दिवाडकरांच्या वड्यासाठीच थांबते, अशी लहानपणी माझी पक्की समजूत होती. ती माझ्या थोरल्या मामांनी मोडली. मी तेव्हा सातवीत होते. वडा हातात तसाच धरायला लावून त्यांनी मला फलाटाच्या पार मागच्या टोकाला नेलं. शेवटच्या डब्यामागे इंजिनं येऊन हळूच टेकत होती. "हे बँकर," मामा म्हणाले. "पुढचं इंजिन ओढणार, हे मागून ढकलणार. लोणावळ्यापर्यंत. तिथं सुटून परत खाली यायचं, पुढच्या गाडीला."

मामा त्या बँकरवर ड्रायव्हर होते. कर्जत ते लोणावळा अठ्ठावीस किलोमीटर, पण तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटरच्या वर चढते. खड्या चढावर सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, पुढे वाफेची इंजिनं जाऊन विजेची आली, चढ मात्र तोच राहिला. मामांचं उभं आयुष्य त्या चढावर गेलं. गाडीतल्या हजार-दीड हजार माणसांपैकी एकालाही मागून कोण ढकलतंय हे माहीत नसायचं. मामांना त्याचं काही वाटत नसे. त्यांचं एकच म्हणणं असायचं, आणि ते आम्ही भाचरांनी शंभरदा ऐकलं होतं: "बँकर कर्जतलाच जोडायचा. घाटात गाडी अडली, मग आठवण आली, तर उपयोग नाही."

निवृत्तीनंतर मामा-मामी लोणावळ्यात भांगरवाडीतल्या जुन्या घरीच राहिले. घर बैठं, पण दारात पाच दगडी पायऱ्या. मामी नाणे मावळातली. तिच्या माहेरचा इंद्रायणी तांदूळ दर दिवाळीनंतर पोत्याने यायचा, आणि भात शिजला की वास पायऱ्यांपर्यंत यायचा. मी पुण्याहून महिन्यातून एखाद्या रविवारी लोकल पकडून जायची. त्या पायऱ्या मामा कसे उतरतात ते दर खेपेला पाहत होते. आधी नीट उतरायचे, मग कठडा धरून, मग एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. इंजिनाच्या उभ्या लोखंडी पायऱ्या आयुष्यभर चढून-उतरून उजव्या गुडघ्याची पार वाट लागली होती. पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला होता. एक्स-रेमध्ये दोन हाडांच्या मधली फट आतल्या बाजूला उरलीच नव्हती.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा बदलावा लागेल. तो आषाढ होता. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक याच दिवसांत. घरभर ओले कपडे, पायऱ्यांवर शेवाळ. मामा म्हणाले, "पावसात नको. दिवाळीनंतर करू." डॉक्टरांना ते पटलं. त्यांनी तुळशीच्या लग्नानंतरची तारीख दिली आणि व्यायामाचा एक छापील कागद हातात ठेवला. "चार महिने आहेत. मांडीत जोर आणा. ऑपरेशन मी करीन, पण त्या गुडघ्यावर चालायचं तुम्हाला आहे."

मामांनी कागदाची घडी करून कालनिर्णयच्या मागे खोचली.

त्यांचा हिशेब सरळ होता. गुडघा झिजलाय, तो काढूनच टाकायचा आहे, तर उरलेले दिवस तो जपायचा. झिजलेल्या चाकावर आणखी धाव कशाला? "अटलजींचे दोन्ही गुडघे बदलले होते," ते सांगायचे. ते खरंच होतं. २००० साली एक आणि २००१ साली दुसरा, पंतप्रधान असताना, मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात, डॉक्टर चित्तरंजन राणावतांच्या हातून. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया घरोघरी माहीत झाली ती त्या बातमीने. मामांच्या मनात त्याचा अर्थ असा झाला होता की सगळं काम सर्जनचं आहे. नवा पार्ट बसला की गाडी चालू.

आणि मीही त्यांना साथ दिली, हे इथे सांगितलंच पाहिजे. श्रावणात मी त्यांना एक मऊ, खोल, पाठ मागे जाणारी खुर्ची घेऊन दिली. बसलं की माणूस आत रुततो अशी. मला वाटलं, मामांना आराम मिळेल. त्या खुर्चीत मामा सकाळी बसले की जेवायला उठायचे. चहा तिथेच, पेपर तिथेच, औषध तिथेच. फाटकापर्यंत जाणं थांबलं, मग पुढच्या खोलीत जाणंही. मामी पाणी आणून द्यायची, चष्मा आणून द्यायची, उठताना हाताला धरून ओढायची. संडासला जातानाही ती दाराशी उभी. "तुमी बसा, गुडघा जपा," हे तिचं दिवसभर चालायचं. त्या घरात कोण कोणाला चढावर नेतंय हे कोणी मोजत नव्हतं. मीही नाही.

गौरी जेवल्या त्या रात्री फोन आला. शेजारचा मुलगा बोलत होता. मामा पहाटे तीनला संडासात गेले, कमोडवरून त्यांना उठताच येईना. मामीने पुढून दोन्ही काखांत हात घालून त्यांना वर घेतलं. मामा कसेबसे उभे राहिले, आणि मामी तिथेच ओल्या फरशीवर बसली. तिच्या कमरेत कळ आली होती आणि तिला हलता येत नव्हतं. मामांना वाकता येत नव्हतं. आपल्या हातांनी जिला उठवायचं ती समोर पडलेली, आणि आपण भिंतीला धरून नुसते उभे. पाऊस इतका होता की मामांची हाक शेजारी ऐकू जायला पंधरा-वीस मिनिटं लागली.

सकाळच्या पहिल्या लोकलने मी गेले. हाड मोडलेलं नव्हतं, स्नायू धरला होता. डॉक्टरांनी मामीला औषध दिलं आणि फिजिओथेरपी सांगितली. घरी येणारी फिजिओ कामशेतची एक तरुण मुलगी होती, लोकलने यायची, पाठीला सॅक, हातात छत्री. ती आली मामीसाठी. पण मामीला तपासताना तिचं लक्ष सारखं मामांकडे जात होतं. मामा खुर्चीतून उठायची खटपट करत होते. दोन्ही हातांनी खुर्ची दाबत, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जमलं.

"काका, तुमचं ऑपरेशन आहे ना? जरा पाय बघू."

तिने सॅकमधून शिंप्याकडे असते तशी टेप काढली. गुडघ्याच्या वाटीपासून पंधरा सेंटिमीटर वर खूण केली आणि दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी मांडी डावीपेक्षा तीन सेंटिमीटरने बारीक होती. मामा तो आकडा पाहत राहिले. ते यंत्राचे माणूस, आकड्याशी वाद घालणाऱ्यांतले नव्हते.

"वाटीच्या वर मांडीत पुढच्या बाजूला जो स्नायू आहे ना काका, तोच गुडघा सरळ करतो," ती म्हणाली. "तोच तुम्हाला खुर्चीतून उठवतो, तोच संडासातून उठवतो. गुडघा दुखला, सुजला, की त्या स्नायूला आतूनच निरोप जातो, जोर लावू नको. मग तो रोडावतो. त्यात तुम्ही बसून राहिलात. आणि ऑपरेशनने तो आणखी खाली जातो. डॉक्टर हाडाच्या टोकांवर धातूचं आवरण बसवतील, मध्ये प्लॅस्टिकची चकती घालतील, पाय सरळ होईल. मांडीतली ताकद त्यात घालता येत नाही."

तिचं बोलणं मी पुढे ताडून पाहिलं. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापात, गुडघा बदलल्यानंतर महिन्याभराने मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद ऑपरेशनच्या आधी होती त्यापेक्षा सरासरी ६२ टक्क्यांनी कमी भरली होती. म्हणजे दहा आणे असले तर चारही उरत नाहीत. ज्याच्याकडे मुळात चारच आहेत त्याने काय करायचं? ऑपरेशन उत्तम झालं तरी हा उतार असतोच. उतरायला लागण्याआधी आपण किती उंचीवर उभे आहोत एवढंच आपल्या हातात असतं.

मामा मात्र तेव्हा तिला समजावत होते. "अगं, मी बँकरवर होतो. मला जोर म्हणजे काय ते सांगू नकोस. ऑपरेशन झालं की करू ना व्यायाम. तेव्हा कोणी ना कोणी आहेच हाताशी."

"कोण?" तिने विचारलं.

मामांनी मान वळवली. कॉटवर मामी कुशीवर पडली होती, कमरेला गरम पाण्याची पिशवी. डोळे मिटलेले, पण ती ऐकत होती.

"कर्जतला जोडायचं आसतंय म्हणता न्हवं आयुष्यभर," ती तशीच डोळे मिटून म्हणाली. "तुमचं बँकर हितं आडवं पडलंय."

खोलीत कोणी बोललं नाही. कौलांवर पाऊस वाजत होता. मामांनी हात पुढे करून मला खुणेनेच कालनिर्णय काढायला सांगितलं. मागे कागद होता. घडीच्या रेषेवर बुरशी धरली होती.

तुळशीच्या लग्नाला तेव्हा साधारण नऊ आठवडे उरले होते.

फिजिओने आधी रक्तदाब, साखर, छातीचा काही त्रास, सगळं विचारलं, आणि डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतलं. मग मी दिलेली खुर्ची बाहेर काढली. तिच्या जागी जेवणाच्या टेबलाची सरळ लाकडी खुर्ची आली, तिच्यावर एक जाड उशी, म्हणजे बैठक उंच होईल. पहिला व्यायाम पाहून मामांना अपमान वाटला असावा. पलंगावर पाय लांब करायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. पाच आकडे दाबून धरायची, सोडायची. दहा वेळा. बस. "एवढंच?" ते म्हणाले. तिसऱ्या वेळी मांडी थरथरायला लागली. उजव्या मांडीतला स्नायू हाताला लागतच नव्हता. तिने त्यांची बोटं धरून वाटीच्या वर, आतल्या बाजूला ठेवली. "इथं कडक झालं पाहिजे. नुसता पाय दाबू नका, इथं लक्ष ठेवून दाबा." दोन दिवस काही कडक होईना. तिसऱ्या संध्याकाळी मामांनी मला पुण्याला फोन केला. "लागला," ते म्हणाले, "लागला गं हाताला." एखाद्या मुलाला पहिल्यांदा सायकल आली की तो सांगतो, तसं.

मग एकेक वाढत गेलं. डावा गुडघा वाकवून उजवा पाय सरळ ठेवून वर न्यायचा, डाव्या गुडघ्याइतका उंच, आणि सावकाश खाली. टाच गादीवर सरकवत गुडघा वाकवायचा, जितका वाकेल तितका, ओढाताण नाही. पाठीवर झोपून दोन्ही गुडघे वाकवून कंबर उचलायची, ती नितंबांसाठी. श्वास कोंडायचा नाही, म्हणून आकडे मोठ्याने मोजायचे. दुखलं तर किती दुखू द्यायचं, याचाही नियम तिने दिला: करताना थोडं दुखेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. उतरलं नाही, सूज आली, तर आदल्या दिवशी जास्त झालं.

ते जास्त एकदा झालंच. तिसऱ्या आठवड्यात मामांना हुरूप आला आणि त्यांनी दहाच्या जागी पन्नास केले. सकाळी गुडघा नारळासारखा. ती आली, बर्फाची पिशवी ठेवली, आणि फार काही बोलली नाही. मामाच म्हणाले, "कळलं. एकदम ओढलं की कपलिंग तुटतं." चार दिवस फक्त टॉवेल. मग पुन्हा पाचापासून.

दुखरा सांधा निजवूनच ठेवायचा, ही समजूत काही फक्त आपल्या घरांतली नाही. कोणे काळी डॉक्टरही तसंच करायचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात थॉमस डीलॉर्म नावाचा एक तरुण डॉक्टर होता. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघे दुखावलेले सैनिक महिनोन् महिने पडून असत. त्याने त्यांच्या पायाला वजनं बांधून उचलायला लावली, आणि जसजशी ताकद येईल तसतसं वजन वाढवत नेलं. मांड्या भरल्या, माणसं लवकर घरी जायला लागली. १९४५ साली त्याने ते छापलं. आज जगभर फिजिओ जे थोडं थोडं वाढवत न्यायला सांगतात, त्याच्या मुळाशी ते सैनिकांचे गुडघे आहेत.

मामांना खरा रस आला तो खुर्चीच्या व्यायामात. हात छातीवर बांधून खुर्चीतून उठायचं आणि परत बसायचं. ते उठायला शिकले, पण बसताना शेवटच्या वीतभर अंतरावर धप्पकन पडायचे. "काका, बसणं जास्त महत्त्वाचं," ती म्हणाली. "खाली येताना हाच स्नायू ब्रेक लावतो. जिना उतरताना गुडघ्यात शरीराच्या वजनाच्या तिप्पट-साडेतिप्पट भार येतो. चढण्यापेक्षा उतरताना जास्त."

मामा थांबले. त्यांच्या डोळ्यांत घाट दिसायला लागला असावा. "बरोबर आहे," ते हळू म्हणाले. "घाट चढताना माणूस मरत नाही. उतरताना मरतो." मग त्यांनी तिला पहिल्यांदा नीट सांगितलं, ऐकवण्यासाठी नव्हे तर सांगण्यासाठी. लोणावळ्याहून खाली जाताना ब्रेकची खात्री केल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. उताराला वेग बांधलेला असतो. जागोजागी कॅच सायडिंग आहेत, गाडी हाताबाहेर गेली तर तिला बाजूच्या चढावर घालून थांबवायला. ती मुलगी रोज त्या लाइनवरून ये-जा करते, पण कामशेत ते लोणावळा. घाट तिने खिडकीतूनच पाहिला होता. त्या दिवशी तिची पाचची लोकल चुकली.

त्या दिवसानंतर मामा खुर्चीत धप्पकन बसले नाहीत. पाच आकडे मोजत, घाट उतरावा तसे बसायचे. जुन्या डायरीत त्यांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली, ड्यूटीवर ठेवायचे तशा. तारीख, वेळ, किती वेळा, काय दुखलं. उशी पातळ झाली, मग गेली. वॉकर आणून त्यावर चालायचा सराव झाला, कारण ऑपरेशननंतर भूल उतरताना पहिल्यांदा वॉकर हातात घेणं म्हणजे अनोळखी इंजिन रात्री चालवणं, असं मामांचंच म्हणणं. संडासात भिंतीला दांडा बसला, कमोडची बैठक उंच झाली, दारातलं पायपुसणं गेलं. पायऱ्यांचा नियम त्यांनी डायरीच्या पहिल्या पानावर लिहिला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

मोजायला मामी असायची. तिची कंबर पंधरवड्यात सुधारली होती. ती समोर पाटावर तांदूळ निवडत बसायची आणि आकडे म्हणायची. नवरात्रातली गोष्ट. फिजिओ मामांना उठताना गुडघा आत झुकू देऊ नका हे सांगत होती आणि त्यांना ते कळत नव्हतं. तिने सहज म्हटलं, "काकू, तुम्ही एकदा करून दाखवा बरं त्यांना."

मामी पाटावरून उठली. शेजारच्या ज्वारीच्या डब्यावर एक हात, भिंतीवर दुसरा, आधी एक गुडघा टेकवून, मग तोंड घट्ट मिटून. उठल्यावर क्षणभर उभी राहिली, जसं काही झालंच नाही. मग खुर्चीत बसली, आणि हात छातीवर बांधून उठायला गेली, तर तिला उठता आलं नाही. एकदाही नाही.

"काकू, हे कधीपासून?"

"माझं काय, चाललंय की," मामी म्हणाली. "चार-पाच वर्सं झाली आसतील. आईच्या पायऱ्या बंद केल्या तवापासून."

आई म्हणजे एकवीरा. मामी दर चैत्रात कार्ल्याच्या डोंगराच्या पायऱ्या चढून जायची. कधी जायची थांबली ते आमच्यापैकी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. विचारलं तर ती म्हणायची, गर्दी फार असते. मामांनी हातातली डायरी मिटली. चार-पाच वर्षं ते जिच्या हाताला धरून उठत होते, तिच्या स्वतःच्या गुडघ्यात काय चाललंय हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. मी तर मामांना खुर्ची आणली होती.

मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा त्यांनी केला. वॉकर ओट्याला टेकवून, एका हाताने ओट्याची कड धरून. साखर जास्त झाली होती. मामी प्यायली.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तुळशीचं लग्न झालं, पुढच्या आठवड्यात झालं. दुसऱ्या दिवशी त्यांना वॉकर घेऊन उभं केलं. दुखत होतं, खूप दुखत होतं, आधी व्यायाम केला म्हणून ते कमी झालं असं मी म्हणणार नाही. पहिला आठवडा रात्री झोप नव्हती. मांडी पुन्हा बारीक झाली, पुन्हा थरथरायला लागली, आणि टॉवेल दाबण्यापासून पुन्हा सुरुवात झाली. पण मामांच्या बोटांना ती जागा माहीत होती. कुठे कडक व्हायला हवं ते शोधायला या वेळी तीन दिवस लागले नाहीत. आणि रुग्णालयातून घरी आले त्या रात्री अडीच वाजता ते दांडा धरून, पाच आकडे मोजत कमोडवर बसले आणि स्वतः उठून आले. मी बाहेरच्या खोलीत जागी होते. मामी झोपली होती. तिला त्यांनी उठवलं नाही.

शेजारच्या आळीतल्या एका गृहस्थांचं त्याच सुमारास ऑपरेशन झालं होतं. त्यांचे दोन मुलगे हाताशी, दिवसरात्रीची बाई ठेवलेली. तयारी न करताही त्यांचं सहा महिन्यांत छान झालं. तसं होतं, पुष्कळांचं होतं. आधी केलेल्या कसरतीचा फायदा मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत दिसतो, पुढे दोघंही जवळपास बरोबर येऊ शकतात. पण तेच पहिले आठवडे घरातलं कोणीतरी तुम्हाला उचलत असतं. ज्यांच्या घरी उचलायला सत्तरीची बायको आहे त्यांच्यासाठी त्या आठवड्यांची किंमत वेगळी आहे.

फाल्गुनात मामीचे एक्स-रे काढले. डॉक्टरांनी ते मामांच्या जुन्या एक्स-रेशेजारी लावले. कोणालाही सांगायची गरज नव्हती. मामीचे दोन्ही गुडघे मामांच्या उजव्या गुडघ्यापेक्षा वाईट होते. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काही सांगितलं नाहीत? मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तारीख ठरली ती पुन्हा पावसाळ्यानंतरचीच. आधी डावा, मग उजवा.

परवाच्या रविवारी मी गेले होते. पायऱ्या चढून दाराशी आले तर आतून आकडे ऐकू येत होते, या वेळी मामांच्या आवाजात. डायरी टेबलावर उघडी होती. डाव्या पानावर मामांच्या नोंदी, कमी झालेल्या, आठवड्याला तीन. उजव्या पानावर नवी रांग, वर मांडीची मापं, आणि तारखा अक्षय्य तृतीयेपासून सुरू झालेल्या. गॅसवर डाळ होती आणि ती मामांनी टाकलेली होती, कारण फोडणीचा वास जरा करपट होता.

मामी त्याच लाकडी खुर्चीत बसली होती, खाली दोन उशा. हात छातीवर बांधलेले, केस कपाळावर चिकटलेले. ती पुढे झुकली, थांबली, मागे टेकली.

"न्हाई व्हणार," ती म्हणाली.

"घाई नाही," मामा म्हणाले. "सिग्नल मिळाला की निघू."

ती पुन्हा झुकली. उशीवरून कंबर सुटली, पाय थरथरले, आणि ती वर यायला लागली. मामा खुर्चीच्या मागे उभे होते, नव्या गुडघ्यावर आणि जुन्या गुडघ्यावर सारखा भार देऊन. दोन्ही हात त्यांनी तिच्या पाठीमागे धरले होते. टेकवले नव्हते.